गिटारीला पिंजाऱ्याची तात

तुम्ही हसाल, पण माझ्या पहिल्या गिटारीनं देऊळ बाटता बाटता राहिलं. रेल्वेतला एक गार्ड बदलीवर निघाला होता, त्याच्याकडून ती मी स्वस्तात उचलली. मान सरळ आहे, एवढंच पाहिलं. घरी येऊन खुंट्या पिळल्या, तर गंजलेल्या तीन तारा तुटल्या. आणि गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला वाजवतो, अशी फुशारकी मी आधीच मारून बसलेलो! त्या काळी सोलापुरात तसल्या तारा कुठल्या मिळायला? शेवटी गल्लीतल्या दादू पिंजाऱ्यानं तारांखालची घोडी घासून खाली केली आणि कापूस पिंजायच्या धनुकलीची तात कापून बसवली.

भजन रंगलं. पखवाज वाजवणारे पुजारीबुवा तर खूशच. म्हणाले, "काय सात्त्विक आवाज! तार कसली हो?"

दारातून दादू म्हणाला, "बकऱ्याचं आतडं हाय की."

"अरे, देवळात आतडं?" बुवा उसळले.

"मग तुमी मगापासनं बडवताय, ते काय केळीचं पान हाय व्हय?"

बुवांनी पखवाजाकडे पाहिलं, गिटारीकडे पाहिलं, हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "पुढचा अभंग घ्या."