गुरुसिद्धप्पाची शिंदी सुटली

शरणम्मा : तक्रार शिंदीची न्हायच, मास्तर. तुमी विद्या घातली त्या दिवसापास्नं आमच्या मालकांनी शिंदीच्या थेंबाला हात लावला न्हाय. पण अन्नालाबी लावला न्हाय.

उत्तरेश्वर मास्तर : किती दिवस?

शरणम्मा : आज अकरावा. नुसत्या पाण्यावर हायत. आत पडलेत, बघा जाऊन. दंडाची कातडी वढली की हातात येती.

मास्तर : व्यसन सुटताना पोट बिघडतंच, बाई. सोलापुरात दोन वर्षं राहून मेस्मेरिझम, माणसाला झोपवून सांगायची ही विद्या, शिकलो मी. इकडं आल्यावर बावीस माणसांची अफू, गांजा, शिंदी सोडवली. तामलवाडीत तुमचे गुरुसिद्धप्पा तेविसावे. आठ-पंधरा दिवसांत येतं पोट ताळ्यावर.

शरणम्मा : पोटाला काय धाड भरली न्हाय. भूक लागती की. भाकरीचा वास आला की डोळ्यात पाणी येतं त्यांच्या. उठून आंघोळ करत्यात, विभूती लावत्यात, पाटावर बसत्यात. गळ्यातल्या करंड्यातनं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, त्याच्यावर नजर लावली, की भडाभडा ओकारी. पोटात काय नसतं, तर नुसतं हिरवं पाणी पडतं. रोज दोन टायमाला ह्योच तमाशा.

मास्तर : लिंगाकडं बघून ओकारी?

शरणम्मा : लिंगाकडंच बघून. दुसऱ्या कशानं न्हाय.

मास्तर : मग पूजा राहू द्या चार दिवस. नुसतं जेवू घाला.

शरणम्मा : तुमी आमच्यातले न्हाय, म्हणून इतकं सोपं बोलता. आमच्यात लिंगपूजा झाल्याबिगर घास गिळत न्हायत. ह्यो माणूस शिंदीखान्याच्या दारात गटारीत पडलेला म्या बघितलाय. मला चुलीतल्या लाकडानं मारलेलं बी हाय, ह्यो खांदा बघा, अजून वर व्हत न्हाय. सगळं सोडलं त्यांनी. लाज सोडली, दुकान सोडलं. पूजा तेवढी एक सोडली न्हाय. मरतील, पण बिनपूजेचं खाणार न्हायत.

मास्तर : म्हणजे माझंच चुकलं.

शरणम्मा : काय चुकलं?

मास्तर : माणसाला झोप लावायची तर आधी त्याची नजर एका चकाकत्या वस्तूवर खिळवावी लागते. मी घड्याळ धरत होतो. गुरुसिद्धप्पा घड्याळाकडं बघून हसायला लागले, किती वाजले म्हणून विचारायला लागले. तेव्हा तुम्हीच म्हणालात, ह्यांची नजर फक्त पूजेत ठरते, तिथं डोळ्याचं पातं हलत नाही.

शरणम्मा : म्हणले व्हते.

मास्तर : मी बघितलं, काळंभोर गुळगुळीत लिंग, त्यात समईचा एवढासा ठिपका. म्हटलं, वा, ह्याच्यापेक्षा चांगलं काय मिळणार. त्यांना लिंग हातात घ्यायला लावलं. झोप लागली, ती पण कशी, दगडासारखी. मग मी सांगितलं, शिंदी म्हणजे सडलेलं पाणी, किडे वळवळताहेत, नुसतं बघितलं तरी ओकारी येईल. मी बोलत होतो शिंदीचं आणि त्यांचे डोळे होते लिंगावर. त्यांच्या मनात दोन्ही एका गाठीत बांधलं गेलं.

शरणम्मा : शिवा शिवा. मग सोडवा की ती गाठ.

मास्तर : सोडवतो. आज, आत्ता. एकदा झोपेत गेलेला माणूस दुसऱ्यांदा झटक्यात जातो, लिंगाची काही गरज नाही. पण गाठ एकच आहे, बाई. सुटली तर दोन्ही बाजूंनी सुटणार. लिंगाची ओकारी जाईल, शिंदीची पण जाईल. पुन्हा नव्यानं शिंदीवर विद्या घालायची तर अंगात ताकद यायला दोन महिने लागतील. तोवर ते शिंदीखान्यात जातील की नाही, ते मी सांगू शकत नाही.

शरणम्मा : म्या सांगते. हात धुवायच्या आधी जातील.

मास्तर : मग?

शरणम्मा : मग काय. माणूस जगला पायजे. मास्तर, खरं सांगू का, लगीन झाल्यापास्नं ह्येच अकरा दिवस मला ग्वाड गेले. अंगावर हात न्हाय, शिवी न्हाय. परवा पडल्या पडल्या म्हणले, शरणे, तुझा खांदा दुखतो का गं अजून. म्या आत जाऊन रडले. पण असलं सुख त्यांच्या उपाशी पोटावर कुठवर भोगू? सकाळीच गव्हाची हुग्गी शिजवून ठेवलीय, गूळ घालून, त्यांना लई आवडती. तुमी सोडवा, म्या वाढते. पुढचा मार पुढं.

मास्तर : चला आत.

शरणम्मा : अवं, ऐकलं का? मास्तर आलेत.

गुरुसिद्धप्पा : कोण मास्तर? ते घड्याळवाले?

मास्तर : तेच. कसं काय, गुरुसिद्धप्पा?

गुरुसिद्धप्पा : कसलं काय, मास्तर. तुमी शिंदी सोडवली, तुमचं भलं व्हवो. पण माज्यावर शिव रुसला. हातात घेतलं की आतडी तोंडात येत्यात. ज्याला पाच वर्साचा असल्यापास्नं छातीशी धरलं, त्यानं थोबाड फिरवलं.

मास्तर : शिव रुसला नाही. विद्येत चुकून एक गाठ बसलीय, ती मी सोडवायला आलोय.

गुरुसिद्धप्पा : न्हाय, मास्तर. रुसलाय. मला ठावं हाय का रुसलाय.

शरणम्मा : का रुसलाय?

गुरुसिद्धप्पा : काय न्हाय. पाणी दे.

शरणम्मा : देते. आधी सांगा, का रुसलाय?

गुरुसिद्धप्पा : उपाशी माणसाच्या बडबडीला काय धरून बसलीस. पाणी दे म्हणतो न्हवं.

मास्तर : बोलू नका आता. डोळे मिटा. माझा अंगठा कपाळावर आहे, तेवढंच ध्यानात ठेवा. मी वीसपर्यंत मोजतोय.

(मास्तर सावकाश आकडे म्हणत जातात. चौदापाशी गुरुसिद्धप्पाची मान कलते. भर दुपारची वेळ, दार लोटलेलं.)

मास्तर : गेले. आता त्यांना फक्त माझा आवाज ऐकू येतोय. तुम्ही बोललात तरी चालेल.

शरणम्मा : झोपेत माणूस खोटं बोलतो का, मास्तर?

मास्तर : इतक्या खोल झोपेत नाही. विचारलं तेवढंच सांगतो, आणि उठल्यावर त्याला काही आठवत नाही. का?

शरणम्मा : गाठ सोडवायच्या आधी एक इचारायचंय.

मास्तर : बाई, ही विद्या इलाजासाठी आहे. चौकशीसाठी नाही.

शरणम्मा : माझी चन्नम्मा बारवेत पडून गेली, तुमाला ठावं हाय. दोन वर्सं झाली चैतात. नऊ वर्साची व्हती. ह्ये म्हणले, पाणी आणाया गेली आन पाय घसरला. ठाण्याच्या अमीनसाबानं पंचनामा केला, त्यानंबी तेच लिवलं. पण घागर घरातच व्हती, मास्तर. दोन्ही घागरी. पाणी आणाया पोरगी काय वंजळीत आणणार व्हती? दोन वर्सं इचारते. इचारलं की मार खाते. आता तुमी ऐकलंच, शिव का रुसला ते ठावं हाय म्हणत्यात.

मास्तर : उकरून काय मिळणार तुम्हाला?

शरणम्मा : ते माझं मला ठावं. इचारा.

मास्तर : गुरुसिद्धप्पा, माझा आवाज ऐकू येतोय?

गुरुसिद्धप्पा : येतोय.

मास्तर : चन्नम्मा बारवेत कशाला गेली होती?

गुरुसिद्धप्पा : मडकं सोडवाया.

मास्तर : कसलं मडकं?

गुरुसिद्धप्पा : शिंदीचं. उन्हाळ्यात दुपारपतुर आंबती. दोरी बांधून पाण्यात सोडलं व्हतं, गार राहाया. वढलं तर येईना. खालच्या कपारीत अडकलं व्हतं.

मास्तर : मग?

गुरुसिद्धप्पा : मला पायऱ्या दिसंनात. सकाळपास्नं घेतली व्हती. पोरीला म्हणलं, तू हलकी हायस, जा खाली, सोडीव.

मास्तर : ती गेली?

गुरुसिद्धप्पा : नगं म्हणली. खाली शेवाळ हाय म्हणली. एक दिली कानाखाली. मग गेली.

शरणम्मा : पुढं इचारा.

मास्तर : बाई, बस करू या.

शरणम्मा : पुढं इचारा म्हणते.

मास्तर : पुढं काय झालं, गुरुसिद्धप्पा?

गुरुसिद्धप्पा : सोडवलं तिनं. सुटलं, अप्पा, म्हणली. मग पाय गेला. पाण्यात पडली. वर आली. अप्पा म्हणली.

शरणम्मा : कितीदा?

मास्तर : कितीदा हाक मारली तिनं?

गुरुसिद्धप्पा : तीनदा. तिसऱ्यांदा पुरी न्हाय.

मास्तर : तुम्ही काय केलं?

गुरुसिद्धप्पा : दोरी वढली.

मास्तर : पोरीनं दोरी धरली होती?

गुरुसिद्धप्पा : न्हाय. दोरीला मडकं व्हतं.

शरणम्मा : इचारा, आधी मडकं का.

मास्तर : आधी मडकं का ओढलं?

गुरुसिद्धप्पा : ती हातपाय मारत व्हती. मडक्याला लागत व्हते. फुटलं असतं.

मास्तर : देवा.

शरणम्मा : मडकं वर आल्यावर काय केलं, इचारा.

मास्तर : मी नाही विचारणार.

शरणम्मा : इचारा, मास्तर. इतकं इचारलं, आता कशाला लाजता.

मास्तर : मडकं वर आल्यावर काय केलं?

गुरुसिद्धप्पा : कठड्यावर ठिवलं. दोन घोट घेतले. मग वाकून बघितलं. पाणी गप झालं व्हतं.

मास्तर : पुरे. गुरुसिद्धप्पा, झोपा, आता बोलू नका. बाई, तुम्ही खाली बसा. पाणी घ्या.

शरणम्मा : मला काय झालं न्हाय. म्या त्या दिवशी कुठं व्हते, ठावं हाय का? दुकानात. ह्ये पिऊन पडलेत म्हणून दुकान म्या संभाळत व्हते. संध्याकाळी आले तर पोर वसरीवर निजवलेली, आन ह्ये छाती बडवत व्हते. म्या यांचं तोंड पुसलं, मास्तर. ह्या हातानं.

मास्तर : जे झालं ते झालं. मी आता गाठ सोडवतो. ह्यांचं आणि शिवाचं काय व्हायचं ते होईल.

शरणम्मा : सोडवायची न्हाय.

मास्तर : काय म्हणता?

शरणम्मा : हाय तशी राहू द्या. उठवा त्यांना.

मास्तर : मरेल हा माणूस. फार तर आठ दिवस काढील.

शरणम्मा : माझ्या लेकराला आठ दिवस न्हाय मिळाले.

मास्तर : असं उपाशी मारण्यापेक्षा अमीनाकडं जा. जबानी द्या.

शरणम्मा : कुणाची जबानी? झोपेतल्या माणसाची? उठल्यावर त्यांना आठवणार न्हाय, तुमीच म्हणला. आन तुमी काय सांगणार अमीनाला? तुमी इथं काय करत व्हता म्हणून?

मास्तर : तुम्ही काही म्हणा, मी सोडवणार. माझ्या हातानं लागलेली गाठ आहे. हत्या माझ्या माथी येईल.

शरणम्मा : सोडवा. म्या सरळ आमच्या गुरूंकडं, जंगम अय्यांकडं जाते. सांगते, ह्या मास्तरानं आमच्या मालकांच्या हातातल्या लिंगावर विद्या घातली, लिंग बघून ओकारी आणली. तामलवाडीत आमची साठ घरं हायत. हद्द वलांडून सोलापूर गाठायला तुमाला पाय राहतील का, बघा.

मास्तर : तुम्हीच सांगितलं होतं, नजर पूजेत ठरते म्हणून.

शरणम्मा : सांगितलं व्हतं. बाईमाणसाला काय कळतं. विद्या तुमची.

मास्तर : तुम्ही अशा नव्हता, बाई.

शरणम्मा : घडीभरापूर्वीपतुर नव्हते. तुमी कशाला घाबरता, मास्तर? तुमचं नावच व्हईल. गुरुसिद्धप्पाची शिंदी उत्तरेश्वर मास्तरांनी सोडवली, मरेपतुर थेंब घेतला न्हाय, असं म्याच सांगीन चार गावाला. तेवीस झाले की तुमचे. आता उठवा.

मास्तर : मला बोलवायला नको होतं तुम्ही.

शरणम्मा : व्हय. उठवा.

मास्तर : गुरुसिद्धप्पा. मी उलटं मोजतोय. पाच. चार. तीन. दोन. एक. डोळे उघडा.

गुरुसिद्धप्पा : झालं? लई गाढ झोप लागली. अंग कसं हलकं वाटतंय, मास्तर. सुटली का गाठ?

शरणम्मा : सुटली. मास्तरांनी सोडवली.

गुरुसिद्धप्पा : मास्तर, घाम कसला आलाय तुमाला?

शरणम्मा : दार लोटलंय, आत उकडतंय. आन विद्येला काय कमी ताकद लागती?

गुरुसिद्धप्पा : म्या काय बोललो का गं झोपंत?

शरणम्मा : काय न्हाय. गप पडून व्हता.

गुरुसिद्धप्पा : हुग्गीचा वास येतोय. गूळ घातलास?

शरणम्मा : घातलाय. तूपबी.

गुरुसिद्धप्पा : शरणे, तू हायस म्हणून म्या जगलो बघ.

मास्तर : मी निघतो.

शरणम्मा : बसा, मास्तर. बावीस जणांच्या दारातनं तुमी इलाज झाला म्हणून उठून गेलात. ह्या एकाचं बघून जावा.

गुरुसिद्धप्पा : लई भूक लागलीय गं. वाढ लवकर.

शरणम्मा : वाढते की. पाट मांडलाय, समई लावलीय. आधी पूजा करून घ्या.