कौशल्येच्या नावावरचे कॅरेट

...आणि यंत्र घरात आणा, असे मीच सांगितले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी "मॅडमला फसवले हो" अशी हळहळ करायला नको. मला कोणीही फसवले नाही. जे केले ते मी पूर्ण शुद्धीत, माझ्याच पेन्शनीतून आणि माझ्याच बैठकीच्या खोलीत केले, आणि त्या खोलीतला एकुलता एक कूलर त्या यंत्राकडे तोंड करून ठेवण्याची परवानगीही मीच दिली. अमरावतीचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. यंत्र गारव्यात बसून वाचत होते आणि मी, एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पुठ्ठ्याने वारा घेत बसले होते. वाचत होते म्हणजे काय वाचत होते? तेच सांगते, पण ते सांगायचे तर पहिल्यापासून सांगावे लागेल, आणि तुम्हाला सांगते, हा "पहिल्यापासून" शब्द आता माझ्यासमोर कोणी उच्चारला तरी माझ्या पाठीला घाम फुटतो.

आमचे गाव चांदूर बाजारच्या रस्त्यावर. तिथे संत्र्याच्या बागा आणि त्या बागा सांभाळणाऱ्या बायकांचा एक गट. त्या गटाची मी अध्यक्ष झाले; झाले म्हणजे, दुसऱ्या कोणी हात वर केला नाही. माझी धाकटी जाऊ कौशल्या आमची बाग सांभाळते आणि मी अमरावतीत राहून गटाचे नियम सांभाळते. माल घेतात अकोल्याचे देवराव, आणि तो पाठवतात परदेशी. आता त्या परदेशी गिऱ्हाइकाला म्हणे प्रत्येक कॅरेट, म्हणजे फळांची प्लास्टिकची पेटी, कोणाच्या बागेतले हे कळले पाहिजे, म्हणून प्रत्येक कॅरेटची नोंद ब्लॉकचेनवर करायची, म्हणजे जगभराच्या अशा एका वहीत, की जिच्यात एकदा लिहिलेले कोणालाही खोडता येत नाही. मला तर मनापासून आनंद झाला. ज्या बाईने सारी हयात मुलींच्या वह्यांतली खाडाखोड पाहण्यात घालवली, तिला याहून शुद्ध वही कुठली मिळणार?

प्रत्येक बाईच्या मोबाईलमध्ये तिचा स्वतःचा पत्ता; घराचा नव्हे, अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ. त्या मोबाईलवरून नोंद केली की ती त्या पत्त्यावर चढते. मी गावात जाऊन सगळ्यांना ओळीने बसवले, समोर उभी राहून एकेकीकडून एकेक नोंद करवून घेतली आणि बजावले, "आपला मोबाईल, आपली नोंद. जी हा नियम मोडेल, ती गटाबाहेर." सगळ्या जणी एका सुरात म्हणाल्या, "हो मॅडम."

ते "हो मॅडम" ध्यानात ठेवा.

कार्तिकात एक कॅरेट परत आले. तोडणीच्या तोंडावर जो फवारा मारायचा नसतो, नेमका तोच त्यातल्या फळांवर सापडलेला. नोंद कोणाच्या पत्त्यावर? कौशल्येच्या. देवराव सगळ्या गटाला अकोल्याला बैठकीला बोलावून मला म्हणतात, "मॅडम, आपल्याले तमाशा नाही कराचा. घरचीच बाई हाय, समजावून सांगा, खतम करा." मी म्हटले, घरची आहे म्हणूनच खतम करता येणार नाही, उद्या गावात म्हणतील, मॅडमने जावेला पाठीशी घातले. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिचा माल घेऊ नका. असे मी, भर बैठकीत, उभे राहून सांगितले. कौशल्या कोपऱ्यात बसली होती. तिला विचारले, तर म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी कौंडण्यपूरच्या यात्रेले गेलती. मी कायले फवारा मारू?" मग नोंद कोणी केली? यावर ती गप्प. मान खाली, पदराचे टोक बोटाला गुंडाळलेले. वर्गात अशी गप्प बसलेली मुलगी म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होते... असे मला वाटत होते.

फाल्गुनात उतरलेली मृग बहराची फळे तिने परतवाड्याच्या रस्त्यावर टोपली मांडून विकली. मी जीपमधून जाताना पाहिले. तिनेही पाहिले, आणि हाक मारली, "बाई, थांबा ना, दोन किलो घेऊन जा दादांसाठी." दादा म्हणजे आमचे हे. जीप थांबली नाही. मी थांबवली नाही, असे म्हणणे अधिक बरोबर.

चौकशी करायची तर कौशल्येच्या पत्त्यावरच्या सगळ्या नोंदी एका ठिकाणी पाहायला हव्यात. त्या दाखवणारी एक वेबसाइट होती, ती नेमकी तेव्हाच बंद पडली. मग मी माझी जुनी विद्यार्थिनी प्रणाली हिला बोलावले. ती पुण्यातल्या कंपनीचे काम अमरावतीत बसून करते आणि माझ्यासमोर मुद्दाम वऱ्हाडी बोलते. तिने सांगितले, "मॅडम, वही घरी आनता येते, एका कॉम्प्युटरवर. पन थ्या वहीत नोंदी आल्या त्या क्रमानं लिवल्या हायत. कौशल्याकाकूनं काय काय टाकलं, असं इचारलं तर वहीले सांगता येत नाही." मला लगेच समजले. शाळेतली सगळ्या वर्षांची हजेरी एकावर एक रचलेली आहे आणि तुम्हाला एकाच मुलीची हजेरी हवी आहे. मग प्रत्येक पान उलटा आणि नावानिशी सूची करा. प्रणाली म्हणाली, "हां, थेच. पत्त्यावारी सूची करनारा प्रोग्रॅम असते. दुसऱ्या साइटीवरबी पाहता येईल तशी..." मी म्हटले, दुसऱ्याने तपासलेल्या उत्तरपत्रिकेवर मी आजवर सही केलेली नाही. यंत्र माझ्या घरी बसेल, सूची माझ्या घरी होईल आणि पहिल्यापासून होईल.

पहिल्यापासून. पाहा, मीच म्हटले.

आता पहिल्यापासून म्हणजे आमच्या संत्र्यापासून नव्हे. ती वही पडली जगाची. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी आमच्या गटाचा जन्म होण्याआधी एकमेकांना काय पाठवले, ते सगळे आधी वाचायचे आणि मग कौशल्येपर्यंत यायचे. यंत्र घूं घूं करत वाचू लागले. आमचे हे, खुशालराव, रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यापुढे उभे राहात आणि विचारत, "काय हो, आपलं गाव आलं का?" काही दिवसांनी प्रणाली ओशाळून म्हणाली, "मॅडम, जागा वाचावी म्हनून मी छाटलेली वही उतरवली होती, जुनी पानं टाकून देल्ली. सूचीवाला प्रोग्रॅम म्हनते, जुनी पानं पाह्यजेच." म्हणजे? "म्हंजे पयल्यापासून."

ठीक. पुन्हा सुरू. अर्ध्यावर आले आणि जुन्या हार्ड डिस्कने मान टाकली. अकोल्याहून नवी आणवली. पहिल्यापासून. तीही बरीच पुढे गेली, आणि एका दुपारी खुशालरावांना कैरीचे पन्हे करायची हुक्की आली, मिक्सरला जागा हवी म्हणून त्यांनी समोर दिसेल तो प्लग उपटला. प्रणालीने पाहिले आणि डोक्याला हात लावला. "लिवता लिवता बंद पडलं, मॅडम. अर्धवट सूचीचा भरोसा नाही." मी ह्यांच्याकडे पाहिले. हे पन्ह्याचा पेला पुढे करून म्हणतात, "घ्या मॅडम, थंड हाय. आता पयल्यापासून वाचाचं म्हंजे टाइम लागनच." लग्न होऊन इतकी वर्षे झाली, घरातला माणूसही मला मॅडमच म्हणतो; तेव्हा त्याचे मला काही वाटले नव्हते.

आणि अखेर सूची झाली. प्रणालीने कौशल्येचा पत्ता टाकला, आणि पडद्यावर नोंदीच नोंदी... सरकता सरकेनात. कौशल्येच्या बागेला शंभर जन्मांत लागणार नाहीत इतके कॅरेट तिच्या पत्त्यावर. यात्रेच्या दिवशीही नोंदी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी म्हटले, आता दुसऱ्या बाईचा पत्ता टाक. एक नोंद. तिसरीचा? एक. गटातल्या प्रत्येकीच्या पत्त्यावर एकच नोंद, एकच, आणि ती मी समोर उभी राहून करवून घेतलेली.

प्रणालीने हळूच लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी कौशल्येच्या शेडात सभा बोलावली. देवराव अकोल्याहून आले. मी कौशल्येला सर्वांसमक्ष विचारले, हे काय आहे? ती म्हणाली, "सावड हाय, बाई. आज साऱ्या माह्या बागेत, उद्या तिच्या. गाडी उभी राहते इथं, रेंज येते इथंच. फळ तोडून हात चिकट झालेले, कोन आपापला मोबाईल काढते? माहा खुंटीले टांगून असते. एकीनं टाकलं, साऱ्याईचं झालं. मी यात्रेले गेली तरी मोबाईल खुंटीलेच होता. माहा माल बंद झाला तरी तिथंच राह्यला; गाडीवाला नोंद झाली का तेवढंच पाहे."

मग बैठकीत हे बोलली का नाहीस? सहा महिने रस्त्यावर टोपली घेऊन का बसलीस?

"सांगतलं असतं तर तुमी साऱ्याईले काढलं असतं. तुमचा नियमच तसा होता. म्हनलं, जाऊ दे, मी एकटीच जाते."

मी विचारले, ते फवाऱ्याचे कॅरेट होते कोणाचे? कौशल्या म्हणाली, "जिचं होतं तिले समजलं. आता मारत नाही ते." कोणीही मान वर केली नाही. आणि माझे यंत्र, ज्याने साऱ्या जगाचे व्यवहार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले होते, त्यालाही हे सांगता येणार नव्हते.

मी म्हटले, कौशल्या, तू मला एकटीला, घरी येऊन सांगू शकली असतीस. ती माझ्या हातात संत्र्याच्या सरबताचा पेला देत म्हणाली, "तुमच्यासंग बोलाचं म्हंजे घरूनच वाक्य जमवून आना लागते, बाई. आन् आनलेलं वाक्य तुमच्या दारात येऊन इसरते."

मी सरबताचा पेला रिकामा केला.

मग देवरावांनी घसा साफ केला. "मॅडम, मी म्हनतो, झगडाच नको. कॅरेट कोनाचंबी असो, नोंद एकाच पत्त्यावर टाकू. तुमच्या. तुमचं नाव लागलं की कोन्या बाईची फवारा माराची हिंमत होनार नाही." प्रणाली म्हणाली, चालेल, फक्त सूचीच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आहे, ती घालावी लागेल, आणि ती घातली की... तिने वाक्य पुरे केले नाही. गरज नव्हती. सोबत आलेले खुशालराव, आता कूलर पुन्हा यंत्राकडेच राहणार, अशा नजरेने माझ्याकडे पाहात होते.

तर ठरले ते असे. कौशल्येचा माल आजपासून पूर्ववत घ्यायचा. गटातल्या सर्व बागांच्या सर्व कॅरेटची नोंद अध्यक्षांच्या पत्त्यावर करायची. अध्यक्षांचा मोबाईल कौशल्येच्या शेडातल्या खुंटीला टांगायचा. मांडले देवरावांनी, अनुमोदन दिले कौशल्येने, आणि बाकीच्या सगळ्या जणी एका सुरात म्हणाल्या, "हो मॅडम." विरोधात मत पडले नाही. माझे एकटीचे पडले असते. पण आमच्या गटात अध्यक्षांना मत नसते. हा नियम मी केलेला आहे, अगदी पहिल्यापासून.