तिसऱ्या मजल्याची रेष

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या सोसायटीचे चेअरमन माननीय जितेशभाऊ, आपल्या हौशी फोटो मंडळाचे आधारस्तंभ आदरणीय नागोराव सर, व्यासपीठावरील मान्यवर, आणि कामावरून थेट इथे आलेल्या, चहाची वाट बघत बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

शाल मिळाली, नारळ मिळाला. हात भरलेत, पण जिवाला स्वस्थता नाही. मघापासून मी खुर्चीत नुसती चुळबुळ करतेय. मंडळाच्या सेक्रेटरी पायलनं विचारलंही, "वैजयंताताई, पाणी देऊ का?" पाणी नको गं. बोलू दे.

ज्या फोटोसाठी हा सत्कार, तो मागच्या पडद्यावर आहे. दिवाळीतली आमची नवघरची बिल्डिंग. सूर्य बुडालाय, आभाळ अजून निळं आहे, प्रत्येक गॅलरीला दिव्यांची माळ. स्पर्धेत पहिला आला. परीक्षक म्हणाले, काय सरळ रेषा आहेत! त्या रेषांचं श्रेय मंडळाचं. त्यातही नागोराव सरांचं.

पाहुण्यांना आमच्या बैठकीची पद्धत सांगते. फोटो पडद्यावर आला की काढणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी आधी एक जमलेली गोष्ट सांगायची, मग एक न जमलेली. मध्येच "पण मी" म्हणालात की सगळ्यांचा चहा तुमच्याकडून. सुरुवातीला मी किती चहा पाजले, विचारू नका! माझ्या पहिल्याच फोटोला सर म्हणाले, "आभाळ सुंदर आलंय. बिल्डिंग मात्र झोपायला निघालीय." घरी जाऊन रडले, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड नीट लावला. नातेवाईक "छान छान" म्हणत राहिले, त्यातून मी काही शिकले नाही. शिकवलं सरांनी. सर, हे मनापासून सांगतेय.

तर हा दिवाळीचा फोटो. सर म्हणाले, "उजेड अगदी नेमका पकडलास. पण तिसऱ्या मजल्याची माळ उजवीकडे खाली आलीय. डोळा तिथंच अडकतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, माळ सैल बांधली असणार. मी नियमाप्रमाणे गप्प. घरी कॉम्प्युटरवर ती ओळ ओढून सरळ केली, फोटो पाठवला, बक्षीस लागलं.

पायल, आता मूळ फोटो लाव. हो, तोच. लाव गं, घाबरू नको.

बघा. दुसरा मजला सरळ. चौथा सरळ. तिसराच उजव्या टोकाला झुकलेला. माझा कॅमेरा वाकडा असता, तर तिन्ही वाकडे आले असते ना?

गेल्या रविवारी पेढे द्यायला मी तिसऱ्या मजल्यावर सरूबाईंकडे गेले. माळ अजून गॅलरीला होती. मी गमतीनं म्हटलं, "बाई, तुमच्या सैल माळेनं माझं बक्षीस घालवलं असतं." त्या म्हणाल्या, "सैल न्हाय गो. घट बांधलीय, हात लावून बघ." लावला. माळ प्रत्येक गजाला आवळलेली, मध्ये बोट शिरेना. मग खाली नजर गेली. लादी आणि भिंत यांच्यामध्ये फट होती, नव्या रंगाला फाडून उघडलेली.

त्याच संध्याकाळी मी जितेशभाऊंकडे गेले. भाऊ म्हणाले, "ताई, टेन्शन नका घेऊ. फोटोत काय, काहीपण दिसतं. आत्ताच कलर मारलाय ना? पावसाळ्याआधी बघू." आणि वर म्हणाले, हाच फोटो मोठा करून आपल्या गेटवर लावू.

भाऊ, उठू नका. आज तुमची बिल्डिंग पडद्यावर आहे, तेव्हा मंडळाचा नियम तुम्हालाही लागू. जमलेली गोष्ट अशी की पाणी वेळेवर येतं, लिफ्ट चालू असते, भांडणं तुम्ही गोडीनं मिटवता. न जमलेली एकच. ती गॅलरी पडायला आलीय, असं मला वाटतं. मी इंजिनिअर नाही. चुकत असेन तर इंजिनिअरला बोलवा, मला चारचौघांत खोटं पाडा, मी जाहीर माफी मागेन. पण तोवर गॅलरीच्या दाराला कुलूप घाला, खाली मुलं खेळतात तिथं दोरी बांधा.

सर, एक अभिप्राय तुम्हालाही. तुमची नजर अचूक होती. वाकडं आपल्या सगळ्यांनाच दिसलं होतं. दुरुस्त आपण फक्त फोटो केला. आपण म्हणजे त्यात मीही आलेच.

असो. मंडळानं कौतुक केलं, स्पर्धेनं दखल घेतली, तुम्ही सगळे वेळ काढून आलात, सगळ्यांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला लागलं असेल, तर घरची समजून पोटात घाला. भाषण लांबलं, तेही कळतंय. पायल केव्हाची घड्याळ दाखवतेय. पण मी ते मुद्दाम लांबवलंय. समोर दुसऱ्या रांगेत सरूबाई बसल्यात. मीच हट्टानं घेऊन आले. गॅलरीत जाऊ नका म्हणून रोज सांगते, तर म्हणतात, "इतकी वरसं बसतंय, काय व्हत न्हाय." इथून घरी गेल्या की त्या तिथंच जाऊन बसणार.

भाऊ, मी खाली बसले की कार्यक्रम संपतो. तुम्ही आधी "हो" म्हणा, मग मी बसते.