धान्याच्या खोलीतली बॅटरी

माझं म्हायार कोरेगावचं, दिलं कुंडलात. मालक मिल्ट्रीत ड्रायवर, वर्सातनं एकदा रजेवर यायचे आन काय सांगू तुमाला ताई, पावण्यारावळ्यात फिरायचं सोडून रजाभर मला ट्रॅक्टर शिकवत बसले. तवा नुकताच नवा ट्रॅक्टर घेतल्याला, गावात बाईमाणसानं सायकलला बी हात लावला न्हवता. सासूबाई म्हनल्या शिकू द्या, ल्योक तिकडं सरहद्दीवर, हितं ऊस कोन बघनार. मामंजी म्हंजे माझे सासरे, ते मी स्टेरिंगवर दिसले की तोंड फिरवून तमाखू मळत बसायचे.

मामंजींचा जीव लय वस्तूवर. नवी सतरंजी सुदिक उलगडू द्यायचे न्हाईत. खंडेनवमीला त्यांनी ट्रॅक्टर पुजला, बॅटरीला हळदकुंकू लावलं, आन पूजा झाल्यावर पाना लावून ती सोडवून धान्याच्या खोलीत पोत्यावर नेऊन ठिवली. म्हनले आता आपली ऊसतोड येईस्तवर हिचं काम न्हाई, वापरली की झिजती, ठिवली की नवी ऱ्हाती. आमी बी व्हय म्हनलं, भांड्याकुंड्याचं तसंच असतंय की.

तोड आली ती पार फाल्गुनात. ऊस तोडून बांधावर पडला, उन्हानं वाळाय लागला, बॅटरी जोडून मी बटन दाबलं तर ट्रॅक्टर नुसता टिक करून गप. गडी लावून ढकलला तवा सुरू झाला, कारखान्यावर बंद केला की परत ढकला, सगळी हसायची. मामंजी तापले, म्हनले बाईचा हात लागला आन बॅटरी गेली, एवढा ऊस पोचला की ट्रॅक्टर इकतो आन बैलं घेतो. ट्रॅक्टर गेला म्हंजे मी परत चुलीपुढं, आन ह्यांना काय तोंड दावू.

मी म्हनलं मामंजी, इकायच्या आदी सांगलीला दावून तरी येऊ. मग हळदीच्या ट्रकातनं बॅटरी घिऊन दोघं गेलो. बॅटरीवाल्यानं बुचं काढून बघितलं, म्हनला कुठं ठिवल्याली. मामंजी ऐटीत म्हनले पोत्यावर, जपून. त्यो म्हनला आवं आण्णा, तितंच मेली की ती. वापरानं झिजती, वयानं झिजती, ते चुकत न्हाई, पर नुसती पडून ऱ्हायली की आतल्या पट्ट्यांवर पांढरं साचतंय, मग भरूनच घेत न्हाई. हळूहळू चार्ज करून देतो, नव्यागत व्हनार न्हाई, पर चालवत ऱ्हावा, पानी बघा, पार रिकामी हुईस्तवर वापरू नगा, अजून चांगली साथ दील. मामंजींनी टोपी काढली आन नुसतं डोकं खाजवलं.

चार्ज झाल्यावर गावात येऊन बॅटरी जोडली आन बटन दाबलं, तर एका दाबात सुरू, सगळं रान दणाणलं. मामंजी आपनहून मडगार्डावर येऊन बसले. भरल्याली ट्रॉली घिऊन मी गावातनं गेले तवा बाया दारात येऊन उभ्या, आन मला एवढा आनंद झाला की मी उगंच भोंगा वाजवत सुटले. उरल्याला सगळा ऊस मी पोचवला, एक कांडं वाया जाऊ दिलं न्हाई.

आता ती बॅटरी थकलीया, थंडीत सकाळी कुरकुरती, यंदा नवी बसवायची. पर माझा ट्रॅक्टर कवा उभा ऱ्हात न्हाई. ह्या खेपंला हे रजेवर आले, म्हनले चावी कुठंय, चक्कर मारून येतो. मामंजी पडवीतनं म्हनले, मला काय ईचारतोस, ट्रॅक्टर तिचा हाय, तिला ईचार. ताई, तुमाला बी असेच सासरे मिळू दे म्हनते, पर आदी थोडं भांडावं लागतंय बरं का.