दिवादांडीवरचा मुराळी

…म्हनून म्हनतो, त्या दिवादांडीचं कौतुक मले सांगू नका तुम्ही! पाह्यली हाये मी! नुसती पाह्यली नाही, पुसली हाये, खालून वरपर्यंत, एकशे बावीस पायऱ्या! आता तुम्ही म्हनान, भगवानराव, तुम्ही घाटंजीचे कास्तकार, कापूस फुटला वावरात, अन् तुम्ही कायले गेलते समुद्रात? अरे, मुराळी म्हनून गेलतो! पोरीची पयली दिवाळी, लेकीले आनाले बाप जातेच ना? कोनी गाडी जुपून जाते, कोनी मोटरनं जाते… मले नावेत बसा लागलं! काहून? तर जावई केळापूरचा, घरानं चांगलं, नोकरी सरकारी, पन दिवा लावाची! अन् दिवा कुठी? समुद्राच्या मंधात!

बायकोनं, इंदूबाईनं, निंगताना दारातच सांगतलं, "पोरीले आनल्याबिगर तोंड दाखवू नका!" तिचं काय जाते!

बंदरावर एक कारकून, नाकावर चष्मा. "बेट राखीव आहे. दीपगृह शंभर वर्षांचं. पासाशिवाय कोणी जायचं नाही, कोणी यायचं नाही. किती माणसं?" संगं धाकटा भाऊ बापूजी होता, त्याले नाव पाहूनच वकाऱ्या. तो काठावरच बसला. म्हनलं, ल्याहा एक. "आणि परतताना?" एकच!… आता तुम्हीच सांगा, माहेरी येनाऱ्या लेकीले कुठी पास लागते का? ती काय पाहुनी हाये?

बेटावर उतरलो, तर नलू पळतच आली. गाठोडं आठ दिवसांपासून बांधून ठेवलेलं! म्हने, "बाबा, सा महिने झाले, बाईमानसाचा आवाज नाही आइकला." अन् जावई? "मामाजी, ह्या पायरीचा दगड इंग्रजानं आनला… मामाजी, ही काच विलायतेची…" अरे, काच राहू दे, माही पोरगी वाळून काडी झाली ते पाह्य ना!

नावेत चढाले गेलो, तर शिपाई आडवा. "पासावर एकच इसम." अरे, माही लेक हाये! "असेल. एकच इसम." म्हनलं, आता तुमचं-आमचं राज्य एक झालं, अन् बापलेक एका नावेत चालत नाही? दिवाळी हाये ना जी! "दिवाळी असो की शिमगा, एकच इसम. पुढली नाव पंधरा दिवसांनी." माहेरी येनाऱ्या लेकीले पास लागते का बे?

नलू गाठोडं छातीशी धरून उभी. मले असा राग आला! पन रागानं काय होते? शिपायाले म्हनलं, पासावर नाव लिवलं का? नाही! एक इसम! मंग हा घे तुहा एक इसम! अन् पोरीले बसवलं नावेत. तिकडं बंदरावर तिले घरी न्याले बापूजी होताच.

पंधरा दिवस, भाऊ! जावई काचा पुसे, मी पायऱ्या. तो दिवा लावे, मी भाकरी थापो. नरकचतुर्दशीले त्यानं माह्या पाठीले तेल चोळलं, म्हने, "मामाजी, लाजू नका." अन् इकडं घाटंजीत इंदूबाई काय सांगत फिरली? "पोरगी माहेरी आली, अन् आमचे हे तिच्या सासरी नांदून राह्यले!"

खोटं कुठी हाये जी.