चार मिनिटांचं रक्त

नोरीन : तोंड उघड. अजून. अरे, दाराच्या फटीएवढं काय उघडतोस? खालचा ओठ बाहेर काढ.

ओरेस्ट : दुखतंय गं.

नोरीन : काल अख्ख्या केस्ट्रल लेक गावानं तुला खांद्यावर घेऊन नाचवलं तेव्हा दुखत नव्हतं. बिअर झोंबत नव्हती. आता बायको बघते म्हणाली की दुखतंय!

ओरेस्ट : डॉक्टरनं दोन टाके घातलेत, त्यात बघायचंय काय? ती मटारची पिशवी दे इकडे.

नोरीन : धर. गोठवलेले मटार खायचे असतात, हे या घराला कधी कळणार कोण जाणे. लग्न झाल्यापासून एक पिशवी धड पातेल्यापर्यंत पोचलेली नाही. कधी तुझा गुडघा, कधी डोळा... थांब. दारात कुणाची गाडी आलीय. काचेवर मॅक्रे फॉल्सच्या टीमचं चिन्ह आहे.

ओरेस्ट : मॅक्रे फॉल्स? कोण?

नोरीन : अगबाई! हा तर तोच. ज्यानं काल हॉकीत तुला स्टिक मारली तो. एमिल गोदे.

ओरेस्ट : मी घरात नाही म्हणून सांग.

नोरीन : खिडकीतून त्यानं तुला बघितलंय. हातात काहीतरी फडक्यात बांधून आणलंय. आणि तू का लपतोस? तू जिंकलायस. ये रे बाबा, ये आत. बूट तिथेच काढ, सगळा बर्फ वितळून चिखल झालाय.

एमिल : तुम्ही मिसेस हनाट्युक ना? मी एमिल. कालचा.

नोरीन : ओळखलं. काल तुझ्या नावानं मी काय काय ओरडले, ते तुला ऐकू गेलं नसेल म्हणजे मिळवली.

एमिल : गेलं. तुम्ही पेनल्टीच्या बाकाच्या मागेच बसला होतात.

नोरीन : असं होय. बस मग. कॉफी टाकते.

एमिल : हे घ्या. आईनं तूर्तिएर दिलीय, डुकराच्या खिम्याची. मी म्हटलं, अगं, ज्याचा ओठ फाटलाय तो चावणार कशानं? तर म्हणाली, त्याची बायको खाईल. पण माफी मागायला रिकाम्या हातानं जायचं नाही.

ओरेस्ट : माफी कसली?

एमिल : काल सामना संपल्यावर सगळ्यांनी हात मिळवले, तेव्हा रांगेत तुम्ही नव्हता. डॉक्टरकडे होता म्हणे. मी शेवटपर्यंत थांबलो होतो. मग बस निघाली. म्हणून आज आलो. ओरेस्टसाहेब, तुम्हाला खोटं वाटेल, पण मी मुद्दाम...

ओरेस्ट : साहेब? तुम्ही? अरे, बर्फावर मला तू म्हातारा रेडा म्हणतोस!

एमिल : बर्फावरचं बर्फावर. इथे मी तुमच्या स्वयंपाकघरात बसलोय.

ओरेस्ट : सोड ना ते आता. खेळात लागतं. झालं गेलं, कॉफी पी आणि नीघ. रस्ता लांबचा आहे तुझा.

नोरीन : ओरेस्ट! पाहुण्याला असं बोलतात?

एमिल : राहू द्या. त्यांचं बरोबरच आहे. मी फक्त एकदा जखम बघून जातो.

ओरेस्ट : जखम काय बघायचीय? ते काय प्रदर्शन आहे?

एमिल : मला बघायला हवी. का, ते सांगतो. ज्युनियर टीममध्ये असताना माझ्या स्टिकनं एकाचा डोळा गेला. वेंडेल त्याचं नाव. माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला खेळायचा. मी नुसता वळलो होतो हो. वळताना स्टिक खांद्याच्या वर गेली, एवढंच. हॉस्पिटलमध्ये त्याच्या खोलीबाहेर मी बसून होतो, आत जायची छाती होईना. शेवटी त्यानंच बोलावलं.

नोरीन : काय म्हणाला?

एमिल : म्हणाला, माझ्या मनात काही नाही. फक्त पुन्हा कुणाच्या तोंडावर स्टिक जाऊ देऊ नकोस. तेव्हापासून मी स्टिक गुडघ्याच्या वर नेत नाही. आमचा कोच ओरडतो, गोदे, तू झाडू मारतोयस की हॉकी खेळतोयस? ओरडू दे. आणि काल बघा. सातवा सामना, जिंकेल तो फायनलला, बरोबरी, शेवट जवळ आलेला. चकती तुमच्याकडे, मी मागून तुमची स्टिक उचलायला गेलो, ती निसटली, माझी वर गेली. डोळा चुकला. ओठावर निभावलं.

नोरीन : दाखव त्याला, ओरेस्ट. एवढा लांबून आलाय.

ओरेस्ट : सूज आहे, काही दिसत नाही.

नोरीन : मला दिसतं ना, त्याला का नाही दिसणार? पिशवी काढ. हं, बघ रे.

एमिल : उजवीकडे आहे?

ओरेस्ट : हो. का?

एमिल : मला वाटत होतं, माझी स्टिक डाव्या गालाकडून गेली. मी तुमच्या डाव्या हाताला होतो. होतो ना?

ओरेस्ट : एवढ्या घाईत कुणाला आठवतंय?

एमिल : तेच तर. मला आठवतसुद्धा नाही. मी शपथ घेऊन सांगितलं असतं की लागलीच नाही. हाताला धक्काच जाणवला नाही. रेफरीला तेच सांगत होतो. आणि मग तुम्ही तोंडावरचा हातमोजा बाजूला केलात, तर त्यावर रक्त. रक्त नसतं तर दोनच मिनिटं बाहेर बसवलं असतं मला. रक्त आलं म्हणून चार. आमचा एक गडी कमी, त्या चार मिनिटांत तुमच्या टीमनं दोन गोल केले. मी काचेमागून बघत होतो. आणि मनात म्हणत होतो, एमिल, तू माणसाला मारतोस आणि तुला कळतही नाही. ज्याला कळतही नाही, त्यानं स्टिक हातात धरू नये.

ओरेस्ट : असं काही नसतं.

एमिल : असतं. सकाळी कोचच्या टेबलावर स्केट्स ठेवून आलो. मामाच्या लाकडाच्या गिरणीत काम आहे.

ओरेस्ट : खुळा आहेस का? चोवीस-पंचविशीचं पोर तू! एका पेनल्टीपायी?

एमिल : पेनल्टीपायी नाही. वेंडेललाही फोन केला. पेपरमधून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. म्हटलं, वेंडेल, माझ्या हातून परत तेच झालं. फोन ठेवला त्यानं.

नोरीन : ओरेस्ट.

ओरेस्ट : काय?

नोरीन : ओठाला बाहेरून ओरखडासुद्धा नाही. जे आहे ते आतून आहे.

ओरेस्ट : स्टिक लागली की ओठ दातावर आपटतो. आतूनच फाटतो.

नोरीन : आपटतो, मान्य. मग बाहेर काळंनिळं होतं. तुझी थोबाडं पुसत माझी पंधरा वर्षं गेलीत. मला शिकवू नकोस.

ओरेस्ट : नोरीन, आत्ता नको.

नोरीन : मी काही म्हणतेय का? मी तळघरात चाललेय. धुतलेले कपडे मशीनमध्ये तसेच पडलेत. मला वर यायला वेळ लागेल. एमिल, कॉफी संपव. याच्याकडून ऐकल्याशिवाय उठू नकोस.

(जिन्यावरून उतरत जाणारी तिची पावलं.)

एमिल : काय ऐकल्याशिवाय?

ओरेस्ट : साखर हवी?

एमिल : नको. त्या काय म्हणाल्या?

ओरेस्ट : हे बघ, पोरा. तुझी स्टिक मला लागली नाही.

एमिल : मला बरं वाटावं म्हणून बोलताय तुम्ही.

ओरेस्ट : तुला बरं वाटावं एवढा मी चांगला असतो, तर काल हात मिळवायच्या रांगेत दिसलो असतो. तिथून पळालो मी. डॉक्टर घाई करत नव्हता, मीच केली. तुझी स्टिक माझ्या डाव्या गालाजवळून गेली. वारा लागला. बस, तेवढंच.

एमिल : आणि रक्त?

ओरेस्ट : डोकं मागे टाकलं, गुडघ्यावर पडलो, तोंडावर हातमोजा धरला आणि आतून ओठ चावला.

एमिल : पडताना चावला गेला असेल. आपोआप.

ओरेस्ट : आपोआप नाही. सकाळपासून मीही स्वतःला तेच सांगतोय. आपोआप म्हणणं हीसुद्धा लबाडीच. दोनदा चावला. पहिल्यांदा रक्त आलं नाही.

एमिल : दोनदा?

ओरेस्ट : दुसऱ्यांदा जोर लावून. हॉकीत ही जुनी विद्या आहे. मी नवखा होतो तेव्हा आमच्यातला एक म्हातारा गडी शिकवायचा : रेफरीला गयावया करू नये, त्याला लाल रंग दाखवावा. तेव्हा मला किळस आली होती. आता मी छत्तीसचा झालो. पाय साथ देत नाहीत. काल हरलो असतो तर तोच माझा शेवटचा सामना होता. पण हे कारण झालं, सबब नाही.

एमिल : म्हणजे माझी स्टिक...

ओरेस्ट : लागली नाही.

एमिल : परत सांग.

ओरेस्ट : लागली नाही, एमिल.

एमिल : परत सांग, रेड्या. मोठ्यानं सांग.

ओरेस्ट : तुझी स्टिक मला लागली नाही! तू कुणालाही मारलेलं नाहीस!

एमिल : देवा रे. देवा. रात्रभर डोळा मिटला की मला त्या खोलीतला पट्टी बांधलेला वेंडेल दिसत होता. थांब. कप घे हा. घे, सांडेल.

ओरेस्ट : घेतला.

एमिल : बसमध्ये माझ्याशी कुणी अवाक्षर बोललं नाही, माहितीये? आमचा गोलकीपर या मोसमानंतर निवृत्त होतोय. उतरताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आणि तू इथे जिंकल्याची बिअर पीत बसला असशील!

ओरेस्ट : मार मला. मी हात उचलणार नाही. घाल एक.

एमिल : आणि खरंच तुझं रक्त काढू? ते तुला सोयीचं. एक ठोसा खाल्ला की फिटलं म्हणशील. एवढ्या स्वस्तात नाही सुटायचास तू.

ओरेस्ट : मग काय करू, सांग. निकाल काही बदलत नाही आता.

एमिल : निकाल गेला खड्ड्यात.

ओरेस्ट : फायनल होऊ दे. मग लीगला सांगतो, पेपरला सांगतो, तुझ्या कोचला सांगतो. आत्ता बोललो तर आमच्या पोरांची फायनल नासेल. त्यांचा यात काय दोष?

एमिल : फायनल तुझी. वेंडेलनं तोवर काय समजायचं? की त्याचा डोळा घेऊनही मी काही शिकलो नाही?

ओरेस्ट : त्याला तू सांग ना.

एमिल : मी सांगितलं तर त्याला वाटेल, हा सकाळी एक बोलला, आता दुसरं बोलतोय. अंग झटकतोय. तुझ्या तोंडून ऐकू दे त्याला. तो भिंतीवरचा फोन चालतो ना? मी नंबर फिरवतो. तू बोल.

ओरेस्ट : आत्ता?

एमिल : तुझी बायको वर यायच्या आत. हं, धर. वाजतोय.

ओरेस्ट : हॅलो? वेंडेल का? आपली ओळख नाही. मी ओरेस्ट हनाट्युक. केस्ट्रल लेकचा... हो. हो, तोच, कालचा. नाही, डोळे शाबूत आहेत. ऐक, फोन ठेवू नकोस. एमिलनं तुला सकाळी जे सांगितलं, ते त्याला खरं वाटत होतं. ते खरं नाही. त्याची स्टिक मला लागलीच नव्हती. रक्त माझं होतं आणि दातही माझेच. मी फसवलं. रेफरीला, त्याला, सगळ्यांना. नाही, त्यानं धमकी बिमकी दिलेली नाही. तो माझी माफी मागायला आलाय. आईच्या हातचं घेऊन. हो, असाच आहे तो... काय? का केलं? जिंकायचं होतं. आणखी काही नाही. जिंकायचं होतं. हो. तुला जे म्हणायचंय ते म्हण, मी ऐकतोय.

एमिल : काय म्हणाला?

ओरेस्ट : जे म्हणाला ते माझ्यासाठी होतं, माझ्यापाशी राहू दे. आता तुला फोन दे म्हणतोय. घे.

एमिल : वेंडेल? हो. मीच. अरे, रडत नाहीये, कॉफी घशात अडकलीय...

नोरीन : मी आले वर. कुणाशी बोलतोय तो?

ओरेस्ट : हळू बोल. ज्याचा डोळा गेला, त्याच्याशी.

नोरीन : सांगितलंस?

ओरेस्ट : दोघांनाही. त्याचं झालं की मला तो फोन लागेल. आपल्या कोचला करायचाय. मग लीगच्या ऑफिसला.

नोरीन : फायनल खेळू देतील तुला?

ओरेस्ट : नाही. आणि पोरं पुढे माझ्या शेजारी बसतील असंही वाटत नाही. तू बसशील का?

नोरीन : काल मी त्या पोराला आईवरून ओरडले रे, ओरेस्ट. तुझ्या भरवशावर. त्याच आईनं हे पाठवलंय. हे मी तुला इतक्यात माफ करणार नाही. पण बसेन. चल, तूर्तिएर गरम करते. दोन घास खा आणि मग फोन कर.

ओरेस्ट : नको. जेवलो की मी करणार नाही.