टेप लावलाच नव्हता

(दुपार. बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये स्टुलावर टेपरेकॉर्डर.)

घड्याळवाले : वा! वा! काय समेवर आली बाई! अंगावर काटा आला, अक्का.

अक्का : आला ना काटा?

घड्याळवाले : हा बघा, अजून आहे.

अक्का : आता जाऊ द्या त्याला. टेप लावलाच नव्हता मी.

घड्याळवाले : अं?

अक्का : माझ्या तोंडाकडे बघा. टेप. लावलाच. नव्हता. कॅसेट ही काय, माझ्या मांडीवर आहे. मी नुसती मान डोलावत होते. मांडीवर हात आपटला, की तुमची वाहवा तयार.

घड्याळवाले : थट्टा करता माझी.

अक्का : थट्टा तुम्ही केलीत, घड्याळवाले. माझी, माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून. थांबा, खात्रीच करून घेते. सूनबाई! ये गं बाहेर. यांच्या पाठीमागे उभी राहा आणि हाक मार यांना. माझ्याशी भांडतेस ना, त्या आवाजात.

सून : मी कधी भांडते? काका! ओ काका! घड्याळवाले काका!

अक्का : पुरे, पुरे. शेजारचे येतील.

घड्याळवाले : कुणाशी बोलताय, अक्का? मागे कोण आहे?

सून : (पुढे येत) अग्गंबाई. मला वाटायचं काकांना शिष्टपणा आलाय. जिन्यात हाक मारली तरी मान वळवायचे नाहीत.

अक्का : शिष्टपणा परवडला असता. कधीपासून हे?

घड्याळवाले : काय कधीपासून?

अक्का : कळलं बरं का तुम्हाला. तोंड समोर आहे ना माझं. म्हणूनच खुर्ची अशी वळवून घेता होय! मी म्हणायची, म्हातारपणी मला मान आला, समोर बसून ऐकतो. आणि त्या मालिकेत काय म्हणालात? मोठी जाऊ माफी मागतेय. माफी! ती विष घालीन म्हणत होती धाकटीला!

घड्याळवाले : तोंड हसरं होतं तिचं.

अक्का : टीव्हीवर विष हसूनच घालतात. आणि मी मेली दोन दिवस विचार करत बसले, की शिकलेला माणूस आहे, याला काहीतरी पुढचं दिसलं असणार.

सून : मलासुद्धा सांगत होत्या, काका म्हणतात ती सुधारणार आहे.

घड्याळवाले : सूनबाई काय म्हणाली?

अक्का : तुमची अक्कल काढतेय. मी विचारलं त्याचं उत्तर द्या.

घड्याळवाले : दुकान बंद केलं ना मी, तेव्हापासून.

अक्का : डोळ्यांना त्रास होतो म्हणाला होतात.

घड्याळवाले : डोळे शाबूत आहेत. एक गिऱ्हाईक घड्याळ घेऊन आलं. पट्टा तेवढा बदलायचा होता. मी सवयीनं कानाला लावलं, तर बंद. म्हटलं, पट्ट्याचं कसलं घेऊन बसलात, घड्याळच बंद आहे तुमचं. उघडलं, सगळं सुटं करून टेबलावर मांडलं. तो माणूस समोर उभा राहून तोंड उघडझाप करतोय. नंतर कळलं, ओरडत होता. चालू घड्याळ फाडलं होतं मी.

अक्का : मग?

घड्याळवाले : मग काय. भिंतीवरची सगळी घड्याळं फिरत होती आणि दुकानात चिटपाखरू नाही असं शांत. शटर ओढलं.

अक्का : आणि मला सांगायला काय धाड भरली होती?

घड्याळवाले : सांगितलं असतं तर तुम्ही टेप बंद केला असता. कीव करून.

अक्का : कीव? मी? विचारा हिला.

सून : नाही हो काका. तेवढं नाही करत त्या.

अक्का : जा तू आत.

सून : तुम्हीच बोलावलंत.

घड्याळवाले : अक्का, ऐका माझं. पहिलं पहिलं काही अडलं नाही. गाणं सगळं डोक्यात होतं. तुमची मान हलली की त्या जागेपासून सुरू व्हायचं. बाई खाली उतरली की तुमची हनुवटी खाली, वर चढली की भुवया वर...

अक्का : माझ्या भुवया राहू द्यात.

घड्याळवाले : त्यांच्यावरच तर दिवस काढले. पण हल्ली पुसट व्हायला लागलंय. ठेका उरतो, सूर निघून जातो. काल घरी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, तर सुरुवातच आठवेना. तुमच्या यजमानांबरोबर उभा जन्म जे ऐकलं, त्याची सुरुवात! म्हटलं, उद्या अक्कांकडे बघितलं की येईल.

अक्का : आणि आज?

घड्याळवाले : नाही आली. टेप लावला असतात तरी मी वा म्हणालोच असतो, आणि तीही खोटीच असती.

अक्का : (त्यांच्याकडे बघत मांडीवरची कॅसेट उचलते.)

घड्याळवाले : असं बघू नका. बोला काहीतरी. किंवा असं करा, सांगा मला.

अक्का : काय सांगू?

घड्याळवाले : गाणं. माझा मालिकेचा भाग चुकला की तुम्ही सांगता ना? असा सांगता, की बघायची गरज राहत नाही. तसं हे सांगा. एखादा शब्द असा लागेल, की परत येईल सगळं.

अक्का : शाळेची पायरी चढले तशी उतरलेली बाई मी. सुरांची नावं मला येत नाहीत.

घड्याळवाले : नावं मला येतात. नावांनी काही होत नाहीये.

अक्का : सूनबाई, घाल ही कॅसेट. हं. बघा इकडे. आधी बाई काहीच करत नाही. दारात उभी आहे. आत यावं की जावं, असं चाललंय तिचं. एक पाय टाकला. घेतला मागे.

घड्याळवाले : बरं.

अक्का : आता आली. बसली खाली, भिंतीला टेकून. तिला कुणी या म्हटलेलं नाही, तरी आपलंच घर असल्यासारखी बसली. आता... आता एक सूर धरलाय तिनं. सोडत नाही.

घड्याळवाले : कसा धरलाय?

अक्का : मोठी चादर पिळायला घेतो ना आपण? एक टोक आपल्या हातात, दुसरं धरायला कुणीतरी लागतं. तसा धरलाय. उभी आहे वाट बघत. येतंय का कुणी.

घड्याळवाले : येतं?

अक्का : नाही येत. मग एकटीच पीळ घालायला लागली. एक पीळ. आणखी एक. पाणी गळतंय, तिच्याच पायांवर. थांबा... थांबा... हं! आली समेवर.

घड्याळवाले : कुठे?

अक्का : इथे. आत्ता. हात आपटला ना मी! आलं?

घड्याळवाले : बाई दिसली, अक्का. चादरसुद्धा दिसली, ओली. गाणं नाही आलं.

अक्का : परत सांगते. मागे ने गं तो टेप.

घड्याळवाले : नको. तुमचे डोळे भरलेत.

अक्का : धूळ आहे. ही केर काढत नाही नीट. सूनबाई, इकडे माझ्या बाजूला ये. मी यांच्याकडे पाठ करते. ऐक, आमचे हे गेले तेव्हा मी रडले नाही. चारचौघीत मिरवलं मी ते. लग्न झाल्यापासून ते गाणं मला बाहेरच्या खोलीतला आरडाओरडा वाटायचा. हे गेल्यावर या माणसानं मला बसवलं, म्हणाला, अक्का, इथे थांबा, आता काय होतंय बघा. आणि झालं गं. म्हातारपणी झालं. आता मी ते कुणाबरोबर ऐकू?

सून : मी बसेन की.

अक्का : बसशील. आणि मोबाइल बघशील.

घड्याळवाले : अक्का? पाठ करून काय बोललात?

अक्का : कपडे काढून आण म्हटलं दोरीवरचे. बरं, गाणं राहू द्या. मला रोज वाचून दाखवता ते पुस्तक काढा. कालचं अर्धं राहिलंय. ती पोरगी बंदरावर सामान घेऊन उभी आहे, तिला गाठा आधी. वाचायला कान कशाला लागतात?

घड्याळवाले : वाचतो. पण एक सांगा. माझा आवाज कसा येतो?

अक्का : कसा म्हणजे? येतो.

घड्याळवाले : खरं सांगा. कीव नाही करत ना तुम्ही?

अक्का : ओरडता.

घड्याळवाले : आणि?

अक्का : ओरडता ओरडता मध्येच पुटपुटायला लागता. पोरगी घरातून का निघाली, ते मला कळलेलंच नाही. तुम्ही एवढे रंगून वाचत होतात...

घड्याळवाले : तुम्ही हुंकार देत होतात. मी बघत होतो. एक पान उलटलं की एक हुंकार.

अक्का : देत होते.

घड्याळवाले : म्हणजे तुम्हीही.

अक्का : हो. मीही.

घड्याळवाले : छान बैठक जमवली होती आपण. तुम्ही मला फसवताय, मी तुम्हाला.

अक्का : बसा. चहा होतोय.

घड्याळवाले : निघतो.

अक्का : उद्या?

घड्याळवाले : उद्या बघू. जिना चढवत नाही हल्ली.

अक्का : खोटं बोलू नका. काल तर पोरासारखे चढून आलात.

घड्याळवाले : काल तुम्हाला माहीत नव्हतं, अक्का.

अक्का : चपला उलट्या घालताय. हं. कठड्याला धरून उतरा.

सून : गेले? मी चहा गाळला होता.

अक्का : ओत परत.

सून : अक्का, पुस्तक विसरलेत बघा काका. खुर्चीवरच आहे.

अक्का : विसरलेले नाहीत. उघडून बघ, खूण आहे का आत?

सून : नाही. ती पितळेची लांबडी पट्टी असायची ना? ती नाहीये.

अक्का : पट्टी नेली, पुस्तक ठेवलं.

सून : मी वाचून दाखवीन तुम्हाला. कुठपर्यंत आलं होतं?

अक्का : मला काय माहीत? मी मान डोलावत होते.

सून : अक्का, खिडकीतून दिसतायत बघा. फाटकापाशी थांबलेत. इकडे पाठ आहे. हाक मारू?

अक्का : मार.

सून : काका! ओ काका!

अक्का : अजून मोठ्यानं. शेजारचे आले तर येऊ देत.